देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं नाव

ऑफिसांच्या इमारतीतल्या वॉचमनचा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मातीत होते. शेडमध्ये मी रबराच्या झाडाची कुंडी बदलत होतो. मुळं कुंडी सोडत नव्हती आणि मी त्यांना शिव्या घालत होतो. फोन मेहुण्याने घेतला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आमची गाडी तोच चालवतो. वॉचमन म्हणाला, बाई चौथ्या मजल्यावर आहेत, उठत नाहीत, तुम्ही या. मेहुण्याला वाटलं, ताईला चक्कर आली असेल, सकाळी काही न खाताच गेली होती. निघालोच आहोत तर बदलीच्या कुंड्याही गाडीत टाकू, परत फेरी नको, असं तो म्हणाला. मलाही ते पटलं. आम्ही कुंड्या चढवल्या, दोरीने बांधल्या आणि मग निघालो.

चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर माणसं उभी होती. खालच्या मजल्यावर एका डॉक्टरचा दवाखाना आहे, तो वर आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणालो, झाडवाला. सवयीने तेच तोंडात आलं. मग म्हणालो, नवरा.

तो जे बोलला ते मला ऐकू आलं, पण कळलं ते वॉचमनच्या बोलण्यावरून. तो बिचारा हात जोडून सांगत होता. बाई बादली पालथी घालून झाडासमोर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकलेली. लोक येत होते, जात होते. एकाने तर नमस्कारही केला. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारख्या बसल्यात.

त्यात कुणाचीच चूक नव्हती. ती बसायचीच. कुठल्याही झाडापाशी गेली की आधी बादली पालथी घालायची आणि त्याच्यासमोर बसायची. हात लावायची नाही, पाणी घालायची नाही, नुसती बघायची. मग केव्हातरी उठायची, मातीत बोट खुपसायची आणि कामाला लागायची. एकदा त्या इमारतीतला एक साहेब तिला म्हणाला, बाई, बसायचेही पैसे लावता का. ती म्हणाली, तुम्हीसुद्धा बसायचेच घेता की, फक्त तुमची खुर्ची मऊ आहे. त्या साहेबाने पुढे स्वतःच्या खोलीतही झाड ठेवून घेतलं.

आमचा धंदा सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही ऑफिसांना झाडं भाड्याने देतो. झाडं आमची, जागा त्यांची. आठवड्यातून एकदा जाऊन निगा राखायची आणि जे झाड थकलं असेल ते शेडमध्ये आणून त्याच्या जागी ताजंतवानं ठेवायचं. ऑफिसात कोंदट हवा, दिव्याचा उजेड. झाडं मरत नाहीत, पण उतरतात. शेडला ती माहेर म्हणायची आणि ऑफिसांना सासर. एखादं झाड मान टाकून परत आलं की म्हणायची, आली बाई माहेराला, आता हिला कुणी काही बोलू नका, नुसतं खाऊ-पिऊ घाला. मेहुणा म्हणायचा, ताई, तुला इतक्या लेकी, मग हुंड्यात मी भिकेला लागणार. माती कालवणं, कुंड्या उचलणं, गाडी भरणं हे माझं आणि मेहुण्याचं काम. झाडं आणि कागद तिचे.

कागद ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचायची. प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून, मुलांना शिकवतात तसं. मी समोर बसून चहा पीत असायचो. मधेच पट्टी थांबायची आणि ती म्हणायची, इथे पाणी मुरतंय. मग ती फोन करून बोलायची, भांडायची नाही, पण सोडायचीही नाही. सगळं ठीक झालं की कागद माझ्याकडे सरकवायची आणि बोट ठेवायची. बोट ठेवलं तिथे मी सही करायचो. इतकाच माझा कायद्याशी संबंध.

ती गेल्यावर काही महिन्यांनी त्या मोठ्या इमारतीचा कारभार नव्या कंपनीकडे गेला आणि नवा करार आला. जुना दोन पानांचा होता. हा हातात धरला तर मनगट दुखेल असा. सोबत चिठ्ठी होती, महिनाअखेरपर्यंत सही करून पाठवा, नाहीतर दुसरा पुरवठादार बघावा लागेल. आमचं निम्म्याहून जास्त काम त्या एका इमारतीत आहे. ते गेलं तर गाडी विकावी लागेल आणि मेहुण्याने कुणाच्यातरी दारात उभं राहायचं. हे झालं धंद्याचं. माझ्यासाठी अजून एक गोष्ट होती. त्या इमारतीत शिरायला माझ्याकडे पास आहे. चौथ्या मजल्यावर मी जाऊ शकतो, तिथे थांबू शकतो, आणि कुणी विचारत नाही की तुम्ही इथे का थांबलात. करार गेला की पास गेला.

मी पट्टी घेऊन बसलो. तिसऱ्या पानापर्यंत काहीच डोक्यात शिरलं नाही. मग एक कलम आलं, देखरेख करणारी जबाबदार व्यक्ती. त्याच्यापुढे तिचं पूर्ण नाव होतं, माझ्या आडनावासकट. सदर व्यक्ती कराराच्या पूर्ण मुदतीत दर आठवड्याला स्वतः हजर राहून सर्व मजल्यांवरील रोपांची देखरेख करील. जुन्या कागदावरून नाव उचललं होतं. इमारतीतल्या माणसांना सगळं माहीत होतं, पण कागद तयार झाला मुख्य कार्यालयात, आणि तिथे कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

मी ते कलम पुन्हा वाचलं. कराराची मुदत तीन वर्षं होती. म्हणजे त्या कागदात ती पुढची तीन वर्षं दर गुरुवारी येणार होती. बादली घेऊन लिफ्टमध्ये चढणार होती, सगळ्या मजल्यांवर फिरणार होती. शिक्का होता, पानापानावर कंपनीचं नाव होतं. इतक्या खात्रीने तिच्याबद्दल कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं.

लेकीचा फोन आला तेव्हा मी एवढंच सांगितलं की नवा कागद आलाय, जाडजूड आहे. ती दुसऱ्या गावी असते, सासरी. ती म्हणाली, बाबा, न वाचता सही करू नका, आई असती तर, आणि थांबली. मग म्हणाली, वकिलाला दाखवा. मेहुणा शेजारीच होता. तो म्हणाला, कुंड्यांसाठी वकील? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. लेकीने फोनवरून ऐकलं आणि उत्तर दिलं, मामा, ती पायरी चढावी लागू नये म्हणूनच आधी वकील बघायचा. वकीलही तिनेच शोधून दिला. एक बाई होत्या, छोट्या धंदेवाल्यांचे करार तपासून देणाऱ्या.

त्यांचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, खोली एक, आणि तिच्यातही कपाटाचा आडोसा घालून दोन केलेल्या. टेबलावर फायलींच्या गठ्ठ्यांमधून फक्त त्यांचा चेहरा आणि चष्मा दिसत होता. खिडकीत एक हिरवं झाड होतं. सवयीने मी मातीत बोट घातलं तर बोट वाकलं. प्लास्टिकचं होतं. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, काका, खरी दोन मारली मी, तेव्हापासून हेच. हे मरत नाही.

त्यांनी आधी स्वतःची फी सांगितली आणि तेवढ्यात काय काय करणार तेही सांगितलं. करार वाचणार, मला समजावणार, बदल सुचवणार आणि कंपनीला पत्र लिहिणार. त्यापुढे भांडण झालं तर त्याचा हिशेब वेगळा. मग त्यांनी करार उघडला आणि लाल पेन घेतलं. वाचायचा वेग बघून मला आमची पट्टी आठवली.

एका कलमात होतं की पाणी सांडून काहीही नुकसान झालं तर ते आम्ही भरायचं, मर्यादा नाही. वकीलबाई म्हणाल्या, म्हणजे तुमच्या झारीतले चार थेंब त्यांच्या संगणकावर पडले तर तुम्ही घर विकायचं. तिथे लाल रेघ आली. पुढे होतं, करार त्यांना एका महिन्याच्या सूचनेने मोडता येईल, आम्हाला मोडता येणार नाही. त्या म्हणाल्या, खोलीला दार एकच आणि त्याची कडी बाहेरून. तिथेही रेघ. मग होतं, मुदत संपल्यावर इमारतीतली सगळी झाडं त्यांच्या मालकीची. मी म्हणालो, मग त्यांना माहेरी आणता येणार नाही. म्हणजे काय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून मनापासून हसून घेतलं आणि रेघ जरा जास्तच दाबून मारली.

मग ते कलम आलं.

“ह्या कोण? तुमच्या मिसेस?”

“हो.”

“आज नाही आल्या?”

“आज नाही आली,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

त्या पुढे गेल्या. त्यांचं म्हणणं असं पडलं की या करारात खरी गोम वेगळीच आहे. सेवा योग्य दर्जाची असावी एवढंच लिहिलंय, पण दर्जा म्हणजे काय ते कुठेच नाही. उद्या कंपनी म्हणेल, दर्जा नव्हता, आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. तेव्हा शेवटी एक परिशिष्ट जोडू आणि त्यात कामाची एक एक गोष्ट लिहू. तुमच्या मिसेस नेमकं काय काय करतात ते सांगा. कोरा कागद पुढे ओढून त्या माझ्याकडे बघत थांबल्या.

तिच्याबद्दल बोलताना घरात सगळे “होती” म्हणतात. मेहुणा म्हणतो, लेक म्हणते, शेजारी म्हणतात, मीसुद्धा म्हणतो. आवाज खाली जातो, मग कुणीतरी विषय बदलतं. इथे समोर एक बाई पेन घेऊन बसली होती, तिला काही ठाऊक नव्हतं आणि तिला सगळं ऐकायचं होतं. मी सांगायला लागलो.

मी सांगितलं की ती मोठ्या पानांची झाडं ओल्या सुती फडक्याने पुसते, पण पुसताना दुसरा तळहात पानाखाली धरते, नाहीतर देठाला झटका बसतो. दर वेळी कुंडी थोडी फिरवते, कारण झाड उजेडाकडे झुकतं आणि मग पाठीकडून टक्कल पडतं. ताटलीत साचलेलं पाणी काढते. बैठकीच्या खोल्यांमध्ये माती हुंगून बघते, लोक उरलेला चहा-कॉफी कुंडीत ओततात आणि वर म्हणतात, झाडाला मुंग्या कशा लागल्या. पानं उलटी करून कापसासारखी पांढरी कीड बघते आणि कान साफ करायच्या काडीला साबणाचं पाणी लावून एक एक टिपून काढते, औषध मारत नाही, माणसं तिथे श्वास घेतात म्हणून. एसीच्या झोताखाली कुणी झाड ठेवलं तर उचलून बाजूला ठेवते. पुढच्या गुरुवारी ते परत तिथेच असतं. ती परत उचलते, काही बोलत नाही. एका झाडासाठी हे वर्षभर चाललं, शेवटी त्या लोकांनी स्वतःचं टेबल हलवलं.

वकीलबाई लिहीत होत्या. मधेच विचारत, पाणी घालायचं केव्हा हे कसं ठरवतात? मी म्हणालो, छोटी कुंडी असेल तर कडेला धरून जराशी उचलते, वजनावरून कळतं तिला. मोठी असेल तर बोट. आणि सगळ्याच्या आधी बसते.

बसतात म्हणजे, त्यांनी विचारलं. मी बादलीचं सांगितलं. किती वेळ, तर झाडावर अवलंबून. त्यांनी लिहिलं, प्रत्येक रोपाची स्वस्थपणे, पुरेसा वेळ देऊन पाहणी. वाचून दाखवलं. मी म्हणालो, हां, तेच.

पुढचा अशील कपाटाच्या पलीकडे खोकून खोकून दमला तेव्हा आम्ही उठलो. वकीलबाई म्हणाल्या, भारी दिसतात तुमच्या मिसेस. त्यांना एकदा घेऊन या. कलमात नाव आहे म्हणजे त्यांची संमतीची सही लागेल.

मी म्हणालो, बरं.

जिना उतरून मी रस्त्याला लागलो. बसने जायचं होतं पण चालत निघालो. दुकानं उघडी होती, लोक भाजी घेत होते, एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता. मला कुणी ओळखत नव्हतं. त्या सगळ्या रस्त्याने मी अशा माणसासारखा चाललो ज्याची बायको कामावर गेली आहे. अंगात घाई नव्हती. तिला सांगायच्या गोष्टी मनात जुळत होत्या, खोलीचं दार आणि कडी, प्लास्टिकचं झाड. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर किराणावाल्याने मला पाहिलं आणि तो हल्ली घालतो तशी मान खाली घातली. तिथे ते संपलं.

माझ्याकडे ईमेल वगैरे नाही, म्हणून दुरुस्त केलेला करार लेकीकडे गेला. तिचा फोन आला. 

“बाबा, हे सगळं तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“यातलं अर्धं मला माहीतच नव्हतं.” मग म्हणाली, “खाली त्यांनी लिहिलंय, आईंना सहीसाठी घेऊन या.”

 ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती रागावली नाही. मी सांगू का त्यांना, तिने विचारलं. मी म्हणालो, नको, मीच जातो. ठीक आहे म्हणाली, तरी फोन ठेवेना. मग म्हणाली, वाचून दाखवू का तुम्हाला? आणि परिशिष्ट पहिल्यापासून वाचायला लागली. वकिली भाषेत होतं, रोपांच्या पर्णपृष्ठाची स्वच्छता, कुंडीचे नियमित परिभ्रमण. परिभ्रमणावर तिला हसू आलं, मलाही आलं. लेक म्हणाली, आई असती तर म्हणाली असती, मी कुंडी फिरवते, पृथ्वी नाही. पण तिने सगळं वाचलं आणि मी सगळं ऐकलं.

मेहुण्याला दुसऱ्याच दिवशी कळलं, भाचीने सांगितलं असणार. आम्ही खत चाळत होतो. तो म्हणाला, भाऊजी, एवढं काय त्यात. एक सहीच हवी ना. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ताई ठोकायची, आता तिची मी ठोकतो, फिटंफाट. कोण बघायला येतंय.

मी चाळणी हलवत राहिलो. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तिने तीन वर्षं यावं हे त्यालाही हवंच होतं. आणि खरं सांगायचं तर मी लगेच नाही म्हणालो नाही. मनात सही करून बघितली. तिच्या नावातला शेवटचा फराटा कसा वर जायचा तेही डोळ्यांसमोर आलं. मग वाटलं, सही झाली की कागद जाईल, शिक्का बसेल, आणि गुरुवारी आम्ही दोघंच जाऊ. मुख्य कार्यालयातला कुणीतरी ते कलम घेऊन येईल आणि विचारेल, बाई कुठे आहेत. मग मला तिथे उभं राहून पुन्हा सांगावं लागेल. मी म्हणालो, खत बारीक चाळ. तो समजला.

वकीलबाईंकडे मी एकटाच गेलो. त्यांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं.

“आज पण नाही आल्या?”

“ती नाही,” मी म्हणालो. “ती वारली. त्यांच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर.”

त्यांनी चष्मा काढला. कधी, ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी उठून खोलीचं दार लावलं आणि परत येऊन बसल्या. वाईट झालं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “मागच्या वेळी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारत होता, ती काय काय करते. मला सांगावंसं वाटलं.”

 त्यांनी चष्मा घातला आणि करार पुढे ओढला. म्हणाल्या, काका, आता मी माझं काम सांगते, वाईट वाटून घेऊ नका. हे नाव काढावंच लागेल. नसलेल्या माणसावर जबाबदारी लिहिता येत नाही. उद्या काही बिघडलं तर कंपनी म्हणेल, तुम्ही माहिती लपवली, आणि अख्खा करार हातचा जाईल. त्या जागी तुमचं नाव घालू. पण मग या परिशिष्टाचं बघावं लागेल. हे त्यांचं काम होतं. तुम्हाला जमेल तेवढंच ठेवू या. कागदावर आलं की ते करणं भाग असतं.

आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पानं पुसणं मला जमतं, हात मोठे आहेत पण जमतं. ते ठेवलं. कुंडी फिरवणं ठेवलं. ताटल्या मेहुणा बघतो. माती हुंगून मला काही कळत नाही, सगळ्याला मातीचाच वास येतो. त्यावर रेघ मारली. पांढरी कीड मला आता चष्मा लावूनही नीट दिसत नाही, तिथे त्यांनी लिहिलं, आवश्यकतेनुसार औषध फवारणी, सुटीच्या दिवशी. उचलून वजनावरून पाणी ठरवणं, तर मी पन्नास कुंड्या उचलतो, सगळ्या जडच लागतात. त्यावर रेघ. एसीखालचं झाड हलवायचं, तर मी एकदा हलवलं आणि तिथल्या बाईंशी माझं वाजलं, तेव्हापासून मी तिकडे बघत नाही. त्यावरही रेघ. वकीलबाई प्रत्येक वेळी विचारत होत्या आणि मी खरं ते सांगत होतो. परिशिष्ट भराभर लहान होत गेलं. माझ्या मापाचं झालं.

शेवटी बसण्याची ओळ राहिली. त्या म्हणाल्या, हे काढते, कायद्याच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही, आणि ठेवलं तरी हरकत नाही, हे कुणालाही जमेल.

“मला नाही जमत,” मी म्हणालो.

मी करून बघितलं होतं. ती गेल्यापासून दर गुरुवारी करतोच आहे. चौथ्या मजल्यावर त्याच झाडासमोर बादली पालथी घालतो आणि बसतो. पाठ भिंतीला टेकवतो. पण झाड दिसत नाही. लिफ्टचं दार वाजलं की मान तिकडे जाते. आतून कुणीतरी साहेब निघतो, कुणी पाण्याच्या बाटल्या घेऊन येतो. दार मिटतं, मी पुन्हा झाडाकडे वळतो, आणि पुन्हा लिफ्ट. ती काय बघायची मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी म्हणाली असती, बस म्हणजे कळेल. हे सगळं मी वकीलबाईंना असंच्या असं सांगितलं नाही. लिफ्टचं सांगितलं.

त्यांनी पेन ओळीवर ठेवलं. “मग काढते.”

“नको.”

“काका, जमत नाही ते लिहिलं तर तो कराराचा भंग होतो.”

“होऊ दे.”

“हे वाक्य वकिलासमोर बोलायचं नसतं,” त्या म्हणाल्या. पण रेघ मारली नाही.

मग नावाचं कलम आलं. ते माझ्या हाताने खोडायचं होतं आणि बाजूला सही करायची होती. त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मी एकच रेघ मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. पुढे मोकळी जागा होती. त्या म्हणाल्या, इथे तुमचं नाव लिहा. मी पेन टेकवलं आणि उचललं. मागे परिशिष्टात बसण्याची ओळ तशीच होती. ती ठेवून इथे माझं नाव लिहायचं म्हणजे, मी बसतो, मला ते येतं, असं सांगायचं. ती ओळ खोडून नाव लिहायचं, तर मग त्या इमारतीत ते काम कधी कुणी करत होतं याचा कागदावर काही पुरावा उरत नाही. दोन्ही मला करवेना. मेहुण्याचं नाव घालू का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तो पाच मिनिटं एका जागी बसला तर त्याला ताप आला असं समजतात. त्या हसल्या, पण डोळे पुसत हसल्या आणि लगेच फायलीत काहीतरी शोधायला लागल्या.

त्यांनी कंपनीला पत्र पाठवलं. करारात ज्या व्यक्तीचं नाव आहे तिचं निधन झालं आहे, दुसरं नाव लवकरच कळवू, तोवर जुन्या करारावर काम चालू ठेवावं. बाकीचे बदल कंपनीने जवळजवळ सगळे मान्य केले. नुकसानीला मर्यादा आली, दाराला आतूनही कडी आली, झाडं आमचीच राहिली. मुख्य कार्यालयातल्या कुणीतरी उत्तरात एक ओळ वेगळी लिहिली होती, आम्हाला माहीत नव्हतं, दुःख झालं. लेकीने ती मला फोनवर वाचून दाखवली. नाव कळवायची मुदतही वाढवून दिली आहे, पण कायमची कोण देतं.

मेहुणा विचारतो, भाऊजी, झालं का. लेक विचारत नाही, इकडचं तिकडचं बोलते आणि मग म्हणते, वकीलबाईंचा फोन आला होता का. मी त्या दोघांना सांगतो, करतो. आणि गुरुवारी इमारतीत जातो. पानं पुसतो, कुंड्या फिरवतो, ताटल्या रिकाम्या होतात. जे झाड उतरलंय असं वाटतं ते गाडीत घालतो. कधी चुकतं, ज्याला आणायला नको ते आणतो आणि ज्याला आणायला हवं ते तिथेच राहतं.

करार वकीलबाईंच्या टेबलावर आहे. तिच्या नावावर रेघ आहे आणि बाजूला माझी सही आहे. पुढच्या जागेत अजून काही लिहिलेलं नाही.